वडापावला दोष देण्याआधी

२०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल व साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावण्याची सूचना केली आणि समोसा-जिलेबीबरोबर वडापावही वादात सापडला. रस्त्यावरच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा आदेश दिलेला नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तोवर दोन तट पडलेच. ‘गिरणी कामगार यावरच जगला, त्याला कुठे काय झाले?’ असे विचारणारे एकीकडे. वडापावचे नाव काढताच मधुमेहाचे आकडे मांडणारे दुसरीकडे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडापाव विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. पाळी संपवून निघालेल्या कामगाराला उभ्या उभ्या खाता येईल आणि खिशाला परवडेल असे काही हवे होते. आठ तास साच्यावर राबणाऱ्या शरीरात ती ऊर्जा खर्चही होत होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या; वडापाव राहिला. आज तो खाणाऱ्यांतले बरेच जण दिवसभर खुर्चीत बसलेले असतात. शिवाय ज्यांना ‘काही झाले’, ते आठवणी सांगायला मागे राहिलेले नसतात.

बटाटा आणि मैद्याचा पाव, दोन्ही पिष्टमय. बेसनातून थोडी प्रथिने मिळतात, तंतुमय घटक मात्र कमीच. त्यामुळे रक्तातली साखर लवकर वाढते आणि भूकही लवकर परतते. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआर-इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये मांडला. त्याचे खापर एकट्या वडापाववर फोडणे अन्यायाचे आहे. बर्गर, बिस्किटे आणि गोड शीतपेयेही त्याच पंगतीतली.

गाडीवरचा टाळता येण्याजोगा धोका कढईत आणि कागदात आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याचे विघटन होते. ते काळपट, चिकट होते, फेसाळते, लवकर धुरावते. त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपुढे गेली की ते वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. गरम, तेलकट पदार्थ छपाईची शाई ओढून घेतो, म्हणून अन्न बांधायला वर्तमानपत्राचा कागद वापरण्यासही मनाई आहे. हा मजकूर वाचून झाल्यावर त्यात वडा बांधला जाऊ नये, एवढी अपेक्षा आम्ही नक्कीच करू शकतो.

पण नियम पाळायचा खर्च कोणी सोसायचा? उरलेले तेल फेकणे म्हणजे विक्रेत्याने दिवसाच्या कमाईचा हिस्सा फेकणे. दंडाची पावती फाडण्याआधी प्रशासनाने तेल जागेवर तपासून द्यावे आणि वापरलेले तेल मोबदला देऊन गोळा करण्याची सोय गाडीपर्यंत न्यावी. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे; हक्काची जागा आणि स्वच्छ पाणी मिळाले, तर निम्मे काम होईल.

आठवड्यातून एखादा वडापाव चवीने खाणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये. काळजी आहे ती नाक्यावरचा मजूर, सुरक्षारक्षक, घरोघरी पार्सल पोहोचवणारा तरुण यांची. त्यांचे दुपारचे जेवणच दोन वडापाव असते. त्यांना सॅलडचा सल्ला देणे ही थट्टा आहे. याच राज्यात १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली होती. स्वस्त आणि चौरस जेवण देता येते, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा योजना सरकारे बदलली तरी चालू ठेवाव्यात आणि विक्रेत्यांनाही उसळ, उकडलेली अंडी, भाजलेले चणे विकायला प्रोत्साहन द्यावे. मग वडापाव नाइलाजाने नव्हे, आवडीने खाल्ला जाईल.