हरळी उपटा, प्लास्टिक अंथरा

अंगणातली माती उकरायची, खडी-कच टाकून जमीन ठोकून टणक करायची आणि त्यावर हिरव्या प्लास्टिकची गुंडाळी उलगडायची. याला हल्ली 'गार्डन मेकओव्हर' म्हणतात. पुण्या-नाशकातल्या रो-हाउसपासून टेरेस फ्लॅटपर्यंत हे सर्रास चाललंय. रील झकास होते, लाइक्स पडतात. माझं म्हणणं सरळ आहे: हा बागेचा अंत्यविधी आहे, आणि पाणीबचतीचं कारण ही त्यावर पांघरलेली शाल.

पाण्याचाच मुद्दा आधी घेऊ, कारण तो खोटा नाही. मखमली लॉन एप्रिल-मेमध्ये हिरवीगार ठेवायची तर भरपूर पाणी लागतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा राज्यात लॉनवर पाइप सोडून बसणं लाजिरवाणंच आहे. पण यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच की, मखमली लॉनचा हट्ट सोडा. 'म्हणून प्लास्टिक आणा' हे पुढचं वाक्य विक्रेत्याने हळूच जोडलेलं आहे. शिवाय टर्फवरची धूळ, पाखरांची विष्ठा, कुत्र्याची शू धुवायला शेवटी पाणीच लागतं. दुपारी त्यावर पाय ठेवायचा असेल, तर आधी ते गार करायलाही लागतं.

कारण ते तापतं. साधंसुधं नाही, भाजण्याइतकं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली आपल्याच मैदानांवर मोजमाप केलं, तेव्हा कृत्रिम टर्फचा पृष्ठभाग शेजारच्या खऱ्या गवतापेक्षा सरासरी २२ अंश सेल्सिअसच्या आसपास जास्त तापलेला आढळला. डांबरही त्यामानाने थंड होतं. यात गूढ काही नाही. जिवंत गवत पात्यांतून पाण्याची वाफ सोडतं आणि स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिक ऊन नुसतं पीत बसतं. चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात आपण पैसे मोजून दाराशी तवा मांडतोय आणि मग आतल्या खोलीत एसी वाढवतोय.

आता या प्रकरणातली खरी गंमत. नर्सरीत 'बर्म्युडा ग्रास' नावाने जी लॉन विकतात, ती मूळची आपली हरळी. हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी आपण वाहतो त्याच. शेतकरी तिच्या नावाने बोटं मोडतो, कारण कितीही उपटली तरी मुळाचा एक तुकडा राहिला की ती पुन्हा फुटते. गुरांनी खाल्ली, पायांनी तुडवली, उन्हाने वाळवली तरी मरत नाही. मेमध्ये ती पिवळी पडते आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर चार दिवसांत मातीतून हिरवी टोकं काढते. अशा चिवट गवताला पर्याय म्हणून आपण पॉलिथिलीन आणतोय!

हे प्लास्टिकचं गवत प्रसिद्ध कसं झालं तेही पाहा. १९६५ साली ह्यूस्टनमध्ये 'ॲस्ट्रोडोम' हे छताचं प्रचंड स्टेडियम उघडलं. आत खरं गवत होतं, बर्म्युडाच. पण पारदर्शक छतातून येणाऱ्या तिरिपीमुळे खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. मग छत रंगवून टाकलं. ऊन अडलं आणि गवत मेलं. काही काळ त्या मेलेल्या गवतावर चक्क हिरवा रंग मारून सामने उरकले. १९६६ साली तिथे कृत्रिम टर्फ आलं. थोडक्यात, जिथे सूर्य पोचत नव्हता अशा एका बंदिस्त जागेसाठी ती तडजोड होती. आपण ती आणली कुठे? भरभरून ऊन पडणाऱ्या अंगणात.

'पण मेंटेनन्स नाही ना!' हा पुढचा युक्तिवाद. मेंटेनन्स नाही, कारण सांभाळायला काही जिवंत उरलेलंच नाही. खाली गांडूळ नाही, म्हणून वर साळुंकी नाही. गवताला तुरा नाही, म्हणून दाणे टिपायला मुनिया नाही. उन्हाने पाती ठिसूळ होतात, त्यांचा भुगा पावसाबरोबर गटारात आणि तिथून नदीत जातो. मैदानी टर्फमध्ये भरतात त्या प्लास्टिक-रबराच्या दाण्यांवर युरोपियन युनियनने २०२३ साली टप्प्याटप्प्याने बंदी आणायचं ठरवलं. घरगुती टर्फमध्ये ते दाणे बहुधा नसतात, पण पाती प्लास्टिकचीच असतात. आणि काही वर्षांनी ती विटली, की चिकटवलेल्या थरांची ही गुंडाळी वेगळी करून पुन्हा वापरणं महाकठीण. ती जाणार कचरा डेपोवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात.

हॉकीच्या मैदानाला टर्फ लागतं, हे मान्य. दहाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात कुणी दोन बाय चारचा तुकडा टाकला, तर त्याच्याशीही माझं भांडण नाही. भांडण आहे ते माती असताना तिचं तोंड बंद करण्याशी. त्यामागे एक हट्ट आहे: बारा महिने हिरवं दिसलं पाहिजे. हा हट्ट या मुलखातला नाही. आपला सह्याद्रीसुद्धा वैशाखात करपतो आणि आषाढात हिरवा होतो. तो पिवळा पडला म्हणून कुणी त्यावर चटई टाकत नाही.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये टर्फचं कोटेशन आलं, तर हात वर करून विचारा: हे मेमध्ये दुपारी किती तापेल आणि फाटल्यावर कुठे जाईल? उत्तर मिळेपर्यंत माती उघडी राहू द्या. टेरेसवर शहाबादी फरशी आणि कुंडीत गवती चहा पुरे. अंगणात हरळी येईल तशी येऊ द्या. उन्हाळ्यात ती वाळेल. वाळू द्या. जूनमध्ये तिला कुणी सांगावं लागत नाही.