दुरुस्ती चार ओळींची होती, अडलं चावीपाशी

शुक्रवार, 19 जुलै 2024. आपल्या घड्याळात सकाळचे 9 वाजून 39 मिनिटं झाली होती. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरसाठी एक छोटीशी फाइल जगभर पाठवली आणि 78 मिनिटांनी मागे घेतली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, त्यांचे फोटो तुमच्याही फोनवर आले असतील.

चूक काय होती यावर भरपूर लिहून झालंय. नवी फाइल 21 वा इनपुट वाचायला लावत होती, सॉफ्टवेअरकडे होते 20. हे सॉफ्टवेअर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतं. ते कोसळलं की सगळं विंडोज कोसळतं. पण मला जास्त शिकण्यासारखा वाटतो तो पुढचा भाग, दुरुस्तीचा.

दुरुस्तीची अधिकृत कृती चार ओळींत मावत होती. सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरी स्क्रीनवर जा, ड्रायव्हर्समधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडा, सी-00000291 ने सुरू होणारी फाइल डिलीट करा, रीस्टार्ट करा. बस. तरीही 97 टक्के मशीन परत ऑनलाइन यायला 25 जुलै उजाडला. का?

एक तर बरेचसे कॉम्प्युटर इंटरनेटला जोडले जायच्या आतच पुन्हा कोसळत होते. काही ठिकाणी वारंवार रीस्टार्ट केल्यावर मध्येच सुधारलेली फाइल उतरायची आणि मशीन वाचायचं. ॲझ्युरवरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी तर 15 वेळा रीस्टार्ट करावं लागल्याचंही मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. बाकी ठिकाणी माणसाने प्रत्येक मशीनसमोर जाऊन बसायचं.

आणि तिथे बसल्यावर दुसरी अडचण: बिटलॉकर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी स्क्रीन आधी 48 अंकी चावी मागते. कंपन्यांच्या या चाव्या सर्व्हरवर असतात आणि काही ठिकाणी ते सर्व्हरही त्याच फाइलने पडलेले. कुलपाची चावी कुलूपबंद घरातच! ऑस्ट्रेलियात ग्रँट थॉर्नटनच्या आयटी टीमने चाव्यांचे बारकोड बनवले आणि दुकानात असतो तसल्या स्कॅनरने त्या एकेका मशीनमध्ये भरल्या. 48 अंक हाताने टाइप करून बघा, मग या जुगाडाची किंमत कळेल.

दोन-तीन दिवसांत मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हवर टाकायचं रिकव्हरी टूल दिलं. त्यात दोन मार्ग होते. पहिला पेनड्राइव्हवरूनच बूट होऊन फाइल काढणारा. जलद, पण एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कला चावी लागणार. दुसरा सेफ मोडमधला. त्यात चावीशिवाय जमू शकायचं, पण त्या मशीनवर ॲडमिन लॉगिन हवं. म्हणजे पेनड्राइव्ह हातात असला तरी चावी नाही तर पासवर्ड, काहीतरी हवंच. शिवाय तो पेनड्राइव्ह बनवायला एक तरी चालू विंडोज कॉम्प्युटर लागतो.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने क्विक मशीन रिकव्हरी नावाची सोय आणली. विंडोज पुन्हा पुन्हा सुरू व्हायला नकार देत असेल तर रिकव्हरी स्क्रीन स्वतःच नेटला जोडून दुरुस्ती शोधते. विंडोज 11 होममध्ये ती आपोआप चालू असते. चांगलंच आहे, पण हा इलाज एकाच बिघाडाने हजारो मशीन पडल्यावरचा. फक्त तुमच्याच लॅपटॉपची एसएसडी गेली, तर तिचा काही उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, माझ्याकडे कुठे क्राउडस्ट्राइक आहे? नसणारच, ते कंपन्यांचं सॉफ्टवेअर. बिटलॉकरचं तंत्र मात्र बहुधा आहे. नवीन विंडोज 11 लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला की डिस्क अनेकदा न विचारता एन्क्रिप्ट होते आणि चावी त्या अकाउंटमध्ये जाते. आता आठवा, सेटअप कुणी केला होता? दुकानदाराने स्वतःच एखादा नवा ईमेल बनवून दिला असेल, तर चावी त्या ईमेलच्या अकाउंटमध्ये आहे. एखाद्या बायॉस अपडेटनंतर निळी स्क्रीन 48 अंक मागेल, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही ते देऊ शकत नाही. मग उरतं फक्त डिस्क पुसणं. प्रोजेक्ट, फोटो, सगळं जातं.

म्हणून हे आज करा, लॅपटॉप नीट चालू असताना. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसच्या यादीत लॅपटॉप निवडा आणि बिटलॉकरची रिकव्हरी की बघा. ती कागदावर उतरवून घरी ठेवा. सोबत की आयडीचे पहिले आठ अक्षर-अंकही लिहा, कारण चावी मागणारी स्क्रीन तोच आयडी दाखवते. लॅपटॉपच्या बॅगेत तो कागद ठेवू नका, चोराचं काम सोपं होईल. अकाउंटमध्ये चावी दिसलीच नाही, तर लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेल उघडून बिटलॉकर शोधा. तिथे चावीचा बॅकअप घ्यायचा पर्याय मिळतो. मग एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि स्टार्टमध्ये रिकव्हरी ड्राइव्ह असं शोधा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं बघा.