दोन नावांची कारकीर्द

गेल्या हिवाळ्यात मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावी आम्ही एका घरगुती कामासाठी दोन दिवस राहिलो होतो. ज्या घरी उतरलो होतो तेथील बाईंनी, मुलांच्या खेळांचा विषय निघाला तेव्हा, ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी काढून आमच्यापुढे ठेवली. तीत शाळा सोडल्याचा दाखला होता, लग्नाची पत्रिका होती, एक फिकट झालेले छायाचित्र होते आणि अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन महिला बास्केटबॉल स्पर्धेचे १९८६ सालचे प्रमाणपत्र होते. त्यावरील नाव आम्हांस सर्वस्वी अनोळखी. "हे कोणाचे?" असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "माह्यंच हाय भाऊ. त्या नावानं आता मले कोणी हाक मारत नाही."

त्यांचे आडनाव बदलले होते, मधले नाव बदलले होते आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिले नावही बदलले होते. म्हणजे प्रमाणपत्रावरच्या तीन शब्दांपैकी एकही शब्द समोर बसलेल्या व्यक्तीला लागू नव्हता. त्यांच्या थोरल्या मुलाने ते प्रमाणपत्र प्रथमच पाहिले.

एक गंमत येथे नमूद करण्यासारखी आहे. त्या कागदावरील बाकीची नावेही आज तशी उरलेली नाहीत. वाशीम जिल्हा तेव्हा नव्हताच. हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत असे आणि तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. अमरावती विद्यापीठालाही पुढे संत गाडगे बाबांचे नाव मिळाले. परंतु जिल्ह्याचे जुने नाव कोणते, विद्यापीठाचे जुने नाव कोणते, हे कोणीही क्षणात सांगू शकतो. या बदलांची नोंद आहे. खेळाडूचे नाव बदलले त्याची नोंद मात्र एका लग्नपत्रिकेत आहे, आणि ती पत्रिका ट्रंकेत आहे.

'कारकीर्द' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कारकीर्द म्हणजे केवळ एखाद्याने केलेली कामे नव्हेत. ती कामे एका नावाखाली सलग लावता आली पाहिजेत. शालेय संघ, विद्यापीठ, राज्य, मग नोकरीतील संघ, मग प्रशिक्षकपद, हे सारे एकाच व्यक्तीचे आहे हे दुसऱ्या कोणाला कागदावरून कळले तर ती कारकीर्द. एरवी त्या सुट्या आठवणी. आमचे म्हणणे एवढेच आहे की महाराष्ट्रातील बहुसंख्य स्त्री-खेळाडूंच्या बाबतीत हा धागा लग्नाच्या मांडवात तुटतो, आणि तो जोडून ठेवण्याचे काम आपण, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी, कधी अंगावर घेतलेले नाही.

या संदर्भात आम्हांस आइसलंडची आठवण होते. तुलना दूरची वाटेल. पण त्या देशाची लोकसंख्या सुमारे चार लाख आहे आणि २०११च्या जनगणनेत एकट्या वाशीम जिल्ह्याची ११,९७,१६० होती, हे लक्षात घेतले म्हणजे ती तितकीशी दूरची राहत नाही. त्या देशातील हेलेना स्वेरिसदोत्तिर ही १९८८ साली जन्मलेली बास्केटबॉलपटू. हाउकार या आपल्या गावच्या क्लबातून ती पुढे आली, अमेरिकेत टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळली, नंतर स्लोव्हाकिया, हंगेरी आणि पोलंड येथील संघांतून व्यावसायिक म्हणून खेळली, मातृत्वानंतर पुन्हा मैदानावर उतरली आणि २०२३ साली थांबली. तिच्या देशाने तिला बारा वेळा वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून निवडले. हे सारे आम्ही येथे बसून सांगू शकतो, कारण ते एका नावाखाली सापडते.

आता हे नाव काय आहे ते पाहावे. 'स्वेरिसदोत्तिर' हे आडनाव नव्हे. त्याचा अर्थ 'स्वेरिरची मुलगी'. आइसलंडमध्ये बहुतेकांना घराण्याचे आडनाव नसतेच. वडिलांचे, क्वचित आईचे, नाव घेऊन मुलगा वा मुलगी एवढेच सांगितले जाते. दूरध्वनीच्या यादीतही माणसे पहिल्या नावाने लावलेली असतात. तेव्हा लग्न झाले म्हणून बाईचे नाव बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती ज्याची मुलगी होती त्याचीच मुलगी राहते. या रीतीतही पित्याचेच वर्चस्व आहे असा आक्षेप कोणी घेतल्यास तो आम्ही मान्य करू. पण निदान धागा तुटत नाही.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की आपले मधले नाव म्हणजे नेमके हेच आहे. पुण्याची शिरीन लिमये हिचे नाव आंतरराष्ट्रीय महासंघाच्या संघयादीत 'शिरीन विजय लिमये' असे येते. भारतीय महिला संघाचे कर्णधारपद सांभाळलेली ही मराठी खेळाडू. २०१७ साली बंगळुरू येथे आशिया चषकाच्या दुय्यम गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून वरच्या गटात प्रवेश मिळवला, त्या संघात ती होती. आणि २०२१ साली अम्मान येथे जपानकडून १३६-४६ असा पराभव सोसला, त्याही संघात ती होती. दोन गुणांचा विजय आणि नव्वद गुणांचा पराभव ज्या एका आयुष्यात चार वर्षांच्या अंतराने येतात, त्या आयुष्याविषयी मराठीत एखादा सविस्तर चरित्रलेख सहज हाती लागू नये याचे आम्हांस नवल वाटते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली तिघींच्या संघातून खेळलेली नागपूरची सिया देवधर ही तर आमच्या विदर्भातील. तिच्याविषयीही तेच.

यावर उत्तर तयार असते, की क्रीडा हा वृत्तपत्रांचा विषय आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा नव्हे. आम्हांस हे पटत नाही. दोन नावे जोडून ठेवण्याची विद्या मराठीत कोणाला येत असेल तर ती साहित्याच्या इतिहासकारांनाच. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे आणि त्याच पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अमरावतीत जन्मलेल्या कुसुम जयवंत म्हणजेच १९६१च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा कुसुमावती देशपांडे, हेही आपण विसरत नाही. ही नावे आपोआप जोडली गेलेली नाहीत. कोणीतरी पत्रव्यवहार वाचला, कोणीतरी सूची केली, कोणीतरी प्रस्तावनेत कंसात माहेरचे नाव लिहिले. लेखिकेसाठी जो कंस आपण आवर्जून घालतो, तो खेळाडूसाठी घालावा असे आपल्याला सुचतही नाही.

खुद्द बास्केटबॉलच्या इतिहासात याचे उत्तम उदाहरण आहे. नेस्मिथ यांनी हा खेळ १८९१ साली काढला आणि पुढच्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयातील सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींसाठी त्याचे वेगळे नियम बसवले. मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपापल्या भागातच राहावे असे ठरवले. पुढे त्यांचा विवाह झाला. १९८५ साली बास्केटबॉलच्या मानमंदिरात त्यांचे नाव लागले ते 'सेंडा बेरेन्सन ॲबट' असे, दोन्ही नावांसह. एवढी साधी गोष्ट आहे ही.

आजच्या मुली लग्नानंतरही नाव बदलत नाहीत, शिवाय सारे संगणकावर राहते, तेव्हा हा प्रश्न आता मिटला, असे आमच्या एका प्राध्यापक मित्राचे मत. राष्ट्रीय पातळीवर पोचलेल्यांपुरते ते खरे असेल. पण विद्यापीठाचा कलर कोट मिळवून थांबलेल्या, किंवा तोही न मिळालेल्या शेकडो जणींचे काय? त्या आज साठीच्या आसपास आहेत. ज्या मातीच्या मैदानांवर त्या खेळल्या तेथे आता इमारती आहेत. आणखी दहा-वीस वर्षांनी या प्रमाणपत्रावरचे नाव कोणाचे, हे सांगणारे घरात कोणी नसेल. आमच्या मराठी विभागांतून दरवर्षी कितीतरी लघुप्रबंध होतात. त्यांपैकी बरेचसे त्याच पाच-सात कादंबऱ्यांवर. (आम्हीही एकेकाळी तेच केले, हे कबूल करतो.) एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यातील जुनी छायाचित्रे घेऊन त्यांतील बायका आज कोठे, कोणत्या नावाने आहेत एवढेच शोधले, तरी त्याला चरित्रलेखन म्हणावे लागेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिशवीतील छायाचित्राकडे आम्ही परतलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दहा मुली, दोन ओळींत, मागे रिंग. खाली छापील ओळ: उभ्या, डावीकडून, कु. अमुक, कु. तमुक. बाई कितीतरी वेळ पाहत होत्या. तुम्ही किती बास्केट केल्या असतील, असे आम्ही विचारले. "लय नाही. मी बॉल नेऊन देत होती, बास्केट दुसऱ्या पोरी करत," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या ओळीतील उंच मुलीवर बोट ठेवले. ती आता कोठे असते? यवतमाळकडे दिली होती, एवढे त्यांना माहीत होते. सासरचे आडनाव मात्र आठवत नव्हते. तिघींची सासरची नावे त्यांना आली. ती आम्ही छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने, प्रत्येकीच्या जागेनुसार, माहेरच्या नावाशेजारी लिहिली. मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि चौथे नाव स्वतः लिहिले.