उरलेले औषध परसबागेत नको

कापसाची फवारणी आटोपते. पंपाच्या तळाशी लिटर-दोन लिटर औषध उरते. 'उरलंच आहे तर वांग्यावर मारून टाका, आळ्या लई झाल्यात,' असे घरातलेच कोणी म्हणते. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाची वांगी चुलीवर चढतात. आपल्या जिल्ह्यातील कापसाच्या गावांना हे नवीन नाही.

प्रत्येक औषधाला फवारणी ते तोडणी असे ठरावीक दिवस थांबावे लागते. परसबागेतली भाजी मात्र रोज तुटते. मग थांबणार कोण? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास सन २००५ पासून बंदी आहे. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये हेच विष शाळेच्या जेवणात गेले आणि २३ मुले दगावली. एवढे उदाहरण पुरे आहे.

परसबागेत झाडे असतात वीस-पंचवीस. तिथे पंपापेक्षा हात बरा. सकाळी पाने उलटी करून पाहा. तपकिरी लव असलेला अंड्यांचा पुंजका किंवा जाळीदार झालेले पान दिसले, की ते तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. वांग्याचा शेंडा सुकला म्हणजे आत अळी आहे असे समजा. शेंडा थोडा खालून कापून नष्ट करा. किडकी वांगी झाडाखाली टाकू नका. कोबीभोवती मोहरी अन् टोमॅटोत झेंडू लावावा. किडीची मादी आधी तिकडे वळते.

तरीही अळी वाढली तर निंबोळी अर्क आहेच. अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटून दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळून पाणी दहा लिटर करा, २० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा आणि ऊन उतरल्यावर फवारा. उन्हाने अर्काचा जोर कमी होतो. लहान अळीवर तो चांगला चालतो. मोठी अळी हातानेच वेचावी. फवारणीचा पंप मात्र वेगळा ठेवा, कापसाचा नको.

ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या गावोगाव पायाखाली तुडवल्या जातात. ग्रामपंचायतीने त्या वेचण्याची दवंडी द्यावी, बचत गटांनी सावलीत वाळवून ठेवाव्यात, अंगणवाडीच्या परसबागेपासून सुरुवात करावी. आम्ही कृषी खात्याच्या मंडळींनीही कापसाच्या सभेत दहा मिनिटे भाजीसाठी काढली पाहिजेत.

औषध लागेल तेवढेच कालवा. उरले तर त्याच पिकावर संपवा. अळीने दोन वांगी खाल्ली तर खाऊ द्या. लेकराच्या ताटात विष जाता कामा नये.