तूस मिसळलेल्या पिशवीचा ताळेबंद

गेल्या महिन्यात माझा पुतण्या दुकानासाठी पिशव्यांचे नमुने घेऊन घरी आला. त्यांतील एक पिशवी तपकिरी, किंचित खरखरीत आणि वर हिरवे पान छापलेली. "काका, यात भाताचे तूस आहे. मातीत टाकली की मातीच होते, असे पुरवठादार सांगतो. मोठी मागणी नोंदवू का?" तारण पाहिल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही न करण्याची बँकेतील सवय अद्याप सुटलेली नाही. मी त्याला थांबण्यास सांगितले.

प्लास्टिक कशापासून बनले आणि त्याचे विघटन होते की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीन तयार करतात. जन्म उसाचा, परंतु चिवटपणा नेहमीच्या पॉलिथिलीनचाच. उलट पीबीएटी हे बहुतांशी खनिज तेलापासून बनते, तरी सूक्ष्मजीव ते पचवू शकतात. म्हणून तुसाचा, भुशाचा किंवा स्टार्चचा विचार करण्यापूर्वी तो कोणत्या प्लास्टिकमध्ये कालवला आहे, हे विचारले पाहिजे.

इंग्लंडमधील ब्रुनेल विद्यापीठाचे जी. जे. एल. ग्रिफिन यांनी १९७० च्या दशकात पॉलिथिलीनमध्ये स्टार्च मिसळण्याचे तंत्र विकसित केले. अशा पिशवीतील स्टार्च सूक्ष्मजीव खातात, पिशवी सच्छिद्र होऊन तिचे तुकडे पडतात आणि ती नाहीशी झाल्याचा भास होतो. पॉलिथिलीन मात्र बारीक कणांच्या रूपाने जमिनीत राहते. आमच्या भाषेत सांगायचे तर व्याज फिटले, मुद्दल तसेच! शिवाय स्टार्चचे प्रमाण अल्प असेल, तर प्रत्येक दाणा प्लास्टिकच्या वेष्टनात बंदिस्त राहतो. त्याच्यापर्यंतही कोणी पोहोचत नाही.

मूळ प्लास्टिकच विघटनशील असेल, तर मात्र चित्र पालटते. पीएलए किंवा पीबीएटीमधील स्टार्च प्रथम खाल्ला जातो, त्या पोकळ्यांतून पाणी आत शिरते आणि पाण्याने प्लास्टिकचे लांब रेणू तुटू लागतात. येथे पूरक द्रव्य खरोखरच काम जलद करते. परंतु सर्व वनस्पतिजन्य पूरके सारखी नव्हेत. तुसात लिग्निन आणि सिलिका असते, लाकडाच्या भुशातही लिग्निन पुष्कळ. ती स्टार्चइतक्या सहज पचत नाहीत. त्यातच पिशवी मजबूत व्हावी म्हणून काही उत्पादक तंतूंवर रासायनिक प्रक्रिया करून ते प्लास्टिकशी घट्ट जोडतात. पाणी कमी शिरते, विघटन मंदावते. भार पेलणारी आणि लवकर कुजणारी पिशवी एकाच वेळी मागणे हे ग्राहकाच्या स्वभावाला धरून आहे. रसायनशास्त्राला ते तितकेसे मानवत नाही.

आणखी एक गोष्ट उष्णतेची. पीएलएला सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाचे औद्योगिक खत-केंद्र लागते. परसातील खड्ड्यात ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते, त्यात तूस असो वा नसो.

व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे हे की, २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कंपोस्टयोग्य पिशवीला जाडीची अट नाही, परंतु ती आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसली पाहिजे आणि विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र हवे. प्रमाणपत्र नसेल, तर ती साधी प्लास्टिक पिशवीच. आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून तशी पिशवी १२० मायक्रॉनहून पातळ चालत नाही. छापलेले हिरवे पान तपासनीसापुढे उपयोगी पडत नाही.

पुतण्याने पुरवठादाराला दोनच प्रश्न विचारले : मूळ प्लास्टिक कोणते, आणि प्रमाणपत्राची प्रत कधी मिळेल? त्याने आठ दिवसांची मुदत मागितली. आज विसावा दिवस. नमुना माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि दुकानात तूर्त कापडी पिशव्या व कागदी पुडे चालू आहेत.