युद्ध आणि लढा

पारनेरमध्ये 12 नोव्हेंबर 1880 रोजी जन्मलेल्या पांडुरंग महादेव बापटांकडे फौज कधीच नव्हती. मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी ते टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले आणि लोकांनी त्यांना ‘सेनापती’ केले. 1921 ते 1924 चाललेला तो संघर्ष मात्र आजही ‘मुळशी सत्याग्रह’ म्हणूनच ओळखला जातो.

पारनेर तालुक्यातल्याच राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी 1965 मध्ये खेमकरण आघाडीवर लष्करी वाहन चालवताना खरे युद्ध पाहिले. सोबतचे जवान तिथे मारले गेले. गावी परतल्यावर त्यांनी दारू आणि दुष्काळाविरुद्ध दिला, तो लढा.

युद्धात सैन्ये असतात, शस्त्रे असतात, प्रेते असतात. लढ्यात मागणी असते आणि समोरच्याशी बोलायची वाट मोकळी असते. हल्ली आपण क्रिकेटच्या सामन्याला महायुद्ध म्हणतो, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला रणसंग्राम. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, तिथे हे शब्द कसे ऐकू येत असतील?

आमच्या लेखकांना कळकळीची विनंती आहे: पाण्यासाठी, कांद्याच्या भावासाठी ‘लढा’ लिहा. ‘युद्ध’ हा शब्द, जिथे माणसे मारली जातात, तिथेच वापरा.