‘नुकसान तर काही नाही ना?’
क्रेनिओसेक्रल थेरपीचा विचार करणाऱ्या पालकांसाठी पत्रक



विशेष मुलांच्या आईबापांची थेरपीच्या बाजारात कशी पिळवणूक होते, हे सांगण्यात कागद घालवत नाही. आगाऊ पैसे, दहा-दहा सिटिंगची पॅकेजं, ‘अजून थोडा वेळ द्या’ हे ठरलेलं उत्तर, सगळं तुम्हाला पाठ आहे. संताप आहे तो मुलांच्या थेरपीच्या वेळापत्रकात स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या शेजारी येऊन बसलेल्या एका नव्या नावाचा: क्रेनिओसेक्रल थेरपी. तिची ‘ओळख’ करून देणारे गुळगुळीत कागद केंद्रांच्या टेबलांवर दिसतात. मुलाच्या कवटीपासून माकडहाडापर्यंत एक सूक्ष्म लय वाहते, ती अडली की स्वमग्नता, शिकण्यातल्या अडचणी, तान्ह्या बाळाचं रडणं, मोठ्यांची मायग्रेन असं काहीही उद्भवतं, आणि प्रशिक्षित हात ती लय ऐकून मोकळी करतो, असा मजकूर असतो. शेवटी एक वाक्य हमखास: पूर्णपणे सुरक्षित, कोणतेही दुष्परिणाम नाहीत. हे पत्रक त्या शेवटच्या वाक्याविरुद्ध आहे. बाकीच्या दाव्यांवर निदान कोणीतरी भुवई उंचावतं. हे वाक्य मात्र फॅमिली डॉक्टरपासून मावशीपर्यंत सगळे मान डोलावून पुढे ढकलतात: ‘करून बघा की, नुकसान तर काही नाही ना?’

आधी या थेरपीची खरी ओळख करून घेऊ, कारण ती त्या कागदावर नसते. विल्यम सदरलँड हा अमेरिकन माणूस 1899 च्या सुमारास मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल इथे ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-सांधे हाताने हाताळून उपचार करण्याची पद्धत, शिकत होता. तिथे सुटी करून मांडलेली कवटी त्याने पाहिली. हाडांच्या उतरत्या कडा त्याला माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या, आणि ज्या अर्थी आकार कल्ल्यांचा, त्या अर्थी ही हाडं श्वास घेतल्यासारखी हलत असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. 1939 मध्ये त्याचं पुस्तक आलं. पुढे जॉन अपलेजर या ऑस्टिओपॅथला मानेच्या एका शस्त्रक्रियेत मदत करताना मज्जारज्जूवरचं आवरण तालात हलताना दिसलं. त्याने सदरलँडच्या कल्पनेला आजचं नाव दिलं, 1983 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 1985 मध्ये फ्लोरिडात संस्था काढली. मग हे शिक्षण डॉक्टर नसलेल्यांनाही खुलं झालं. म्हणजे मुळाशी आहेत एक साम्य आणि एक निरीक्षण. यात काही वाईट नाही. कितीतरी शोधांची सुरुवात अशीच झाली आहे. फरक एवढाच, की शोध लावणारे त्यानंतर मोजायला बसतात.

मोजून पाहू. या पद्धतीत दाब सांगतात तो सुमारे पाच ग्रॅमचा. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. म्हणजे रोज रात्री उशी आपल्या कवटीवर या दाबाच्या हजारपट जोर लावते, आणि सकाळी आपण आहोत तसेच उठतो. सिद्धांतात सगळ्या हालचालीची बिजागरी मानली जाते ती कवटीच्या तळाशी, जिथे स्फेनॉइड आणि ऑक्सिपिटल ही दोन हाडं भेटतात. किशोरवयातच तिथली कूर्चा जाऊन दोन्ही हाडं एकजीव होतात. चाळिशीच्या माणसाची ही बिजागरी मोकळी करून देण्याचे पैसे घेणाऱ्याने शरीररचनेचं पुस्तक त्या पानापर्यंत वाचलेलं नसावं. लहान मुलांचे सांधे तेवढे पक्के नसतात, हे खरं. पण 2006 मध्ये भूल दिलेल्या सशांच्या कवटीवर पाच ते वीस ग्रॅम जोर लावून पाहिला, तेव्हा सांध्यांत अर्थपूर्ण हालचाल झाली नाही आणि कवटीच्या आतला दाबही बदलला नाही. मेंदूभोवतीच्या पाण्याला स्पंदन असतं, यात वाद नाही. ते हृदयाच्या ठोक्यांनी आणि श्वासाने होतं. तान्ह्या बाळाची टाळू उडताना दिसते, ती त्यामुळेच. त्याखेरीज मिनिटाला सहा ते बारा वेळा चालणारी आणि फक्त दीक्षा घेतलेल्या हातांना कळणारी तिसरी लय आहे, हा दावा वेगळा.

तो तपासायला यंत्रही लागत नाही. एकाच माणसाला दोघा-तिघा अनुभवी थेरपिस्टांनी एकमेकांना न सांगता हात लावावा, मोजलेली लय लिहावी, आणि आकडे शेजारी ठेवावेत. 1994 मध्ये अमेरिकेत तीन फिजिओथेरपिस्ट आणि बारा जणांवर हे झालं. तिघेही या पद्धतीतले जाणकार होते. मोजमापं किती जुळतात हे सांगणारा जो गुणांक असतो, तो पूर्ण जुळलं तर 1 येतो आणि अजिबात जुळलं नाही तर शून्याच्या आसपास. इथे तो आला उणे 0.02. 1998 मध्ये दोघांनी एकाच वेळी एकाच माणसाचं डोकं आणि पाय धरून लय मोजली, तीही जुळली नाही. एकाच पिशवीचं वजन तीन दुकानांत तीन प्रकारे भरलं तर आपण दुकानदाराचा तराजू उचलून बघतो. इथे मात्र तराजूवर शंका घेणाऱ्यालाच ‘तुमची संवेदनशीलता कमी पडते’ म्हणून ऐकवतात. आणि हे कुणा द्वेष्ट्यांचं म्हणणं नाही. ऑस्टिओपॅथीच्याच कॉलेजात शिकवणाऱ्या दोघा संशोधकांनी 2002 मध्ये लिहून ठेवलं, की परिणाम सिद्ध होत नाही तोवर हा विषय अभ्यासक्रमातून काढावा आणि रुग्णांनी आपला वेळ व पैसा दुसरीकडे लावावा.

इथे हमखास उत्तर येतं: ‘यंत्रांचं सोडा, आमच्या मुलात फरक पडलाय, आम्ही डोळ्यांनी पाहतोय.’ या वाक्याचा राग येत नाही, कारण ते आईबापांचं असतं. राग येतो ते छापून विकणाऱ्यांचा. ब्रिटनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या 142 मुलांवर या पद्धतीच्या सख्ख्या बहिणीची, क्रेनियल ऑस्टिओपॅथीची चाचणी झाली. अहवाल 2011 मध्ये आला. अर्ध्या मुलांना सहा सिटिंग मिळाली, बाकीची प्रतीक्षा यादीत राहिली. सहा महिन्यांनी मुलांच्या हालचालींत, वेदनांत, झोपेत टिकाऊ सुधारणेचा पुरावा मिळाला नाही. पण मुलाला उपचार मिळतोय हे ज्या पालकांना ठाऊक होतं, त्यांच्यापैकी 38 टक्क्यांनी एकंदर तब्येत सुधारल्याचं सांगितलं. प्रतीक्षा यादीतल्यांत हे प्रमाण 18 टक्के होतं. हे दोन आकडे पुन्हा वाचा. मूल होतं तिथेच होतं, बदलली होती ती बघणाऱ्याची नजर. पालक खोटं बोलत नव्हते. त्यांना आशा होती, आणि त्या कागदांवरचे ‘पालकांचे अनुभव’ नेमके याच आशेतून गोळा केलेले असतात.

मोठ्यांच्या दुखण्यांबद्दल 2019 चं एक विश्लेषण पुढे केलं जातं. त्यात दीर्घकालीन वेदनांवरच्या दहा चाचण्या एकत्र करून फायदा दाखवला होता, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र या प्रकारात आपण खरा उपचार करतोय की नाटक, हे थेरपिस्टला माहीत असतं, आणि वेदना किती हे रुग्णालाच विचारावं लागतं. 2024 मध्ये पंधरा चाचण्या अधिक कडकपणे पारखल्या गेल्या, तेव्हा कोणत्याच दुखण्यात फायदा उरला नाही. शांत खोलीत तासभर पडून राहिल्यावर, कोणी मायेने डोकं धरल्यावर बरं वाटतं, हे कोण नाकारतो? सरकारी ओपीडीत दोन मिनिटं न मिळालेल्या माणसाला तर फारच बरं वाटेल. मग त्याला विश्रांती म्हणा आणि विश्रांतीचे पैसे घ्या. ‘विज्ञानाला सगळं कुठे कळतं?’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं: विज्ञानाला कळत नाही ते तुम्हाला दोन-चार शनिवार-रविवारच्या वर्गात कसं कळलं? आणि ‘आपल्या आज्या नाही का बाळाची टाळू भरायच्या?’ हा युक्तिवाद तर आज्यांचा अपमान आहे. आजी टाळूला तेल लावायची, हाताने स्वमग्नता ओळखून दहा सिटिंगचं पॅकेज लावत नव्हती.

आता नुकसान. पाच ग्रॅमने हाड मोडत नाही, इतकंच ‘पूर्णपणे सुरक्षित’ या वाक्यात खरं आहे. पण ‘क्रेनिओसेक्रल’ अशी पाटी लावलेल्या खोलीत पाच ग्रॅमच लागेल, याची हमी कोण देतं? नेदरलँड्समध्ये अशाच थेरपिस्टने मान आणि मणका जोराने वाकवल्यावर तीन महिन्यांची मुलगी दगावली. तिथल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. असे मृत्यू विरळ आहेत, म्हणून त्यांच्यावर सगळा भार टाकत नाही. रोजचं नुकसान वेगळं आहे, आणि ते निदानाचं आहे. नसलेल्या लयीवरून ‘इथे अडथळा आहे’ असं सांगणं हे खोटं निदानच. खोट्या निदानाने खऱ्या निदानाची जागा अडते. सहा महिन्यांचं बाळ दचकल्यासारखं पुन्हा पुन्हा पुढे वाकतं, ते साध्या दचकण्यामुळे असू शकतं किंवा लहान बाळांत होणारी एक विशिष्ट अपस्मारी उबळ असू शकते. त्या उबळीवर उपचार सुरू व्हायला जितके आठवडे जातात, तितकी पुढची वाढ धोक्यात येते. दोन वर्षांचं मूल हाकेला ओ देत नसेल तर आधी कान तपासायचे असतात, कारण भाषेची पहिली वर्षं परत मिळत नाहीत. ‘सहा सिटिंग करून तर बघू’ म्हणत तीन महिने गेले, तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचे? त्यात पहिल्या सिटिंगनंतर मूल जास्त चिडचिडलं तर ‘साठलेला ताण बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे’ असं सांगायची सोयही करून ठेवलेली असते. मूल शांत झालं तरी गुण, बिघडलं तरी गुण. नुकसान नाहीच, असं म्हणायचं ठरवलं की ते दिसण्याचा रस्ताच बंद होतो.

ही पद्धत आयुषच्या मान्यताप्राप्त पद्धतींतही बसत नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला दिशाभूल करणारी जाहिरात ठाऊक आहे, आणि त्यात सेवाही येतात. म्हणून तोंडी भांडू नका, लेखी मागा. मुलाचं निदान काय केलंत, ते कोणत्या तपासणीवरून, दुसऱ्या थेरपिस्टने न सांगता तपासलं तर तेच येईल का, किती सिटिंगनंतर कोणता फरक मोजणार, आणि तो पडला नाही तर थांबणार कधी, हे सही-शिक्क्यासह द्या म्हणा. बालरोगतज्ज्ञ किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञांनी सुचवलेली कोणतीही तपासणी या थेरपीसाठी पुढे ढकलू नका. लेखी द्यायला नकार मिळाला तर तारीख टाकून तसं नोंदवा. तो गुळगुळीत कागदही फेकू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तक्रार करताना छापील मजकूर हाताशी लागतो.